सात टक्क्यांचं कर्ज पडलं साडेबारा टक्क्यांना

नमस्कार श्रोतेहो.

गाडी घ्यायची ठरली की घरात आठवडाभर रंगावरून चर्चा चालते, मॉडेलवरून चालते. कर्जाचा विषय मात्र निघतो तो थेट शोरूममध्ये, समोर थंड पाण्याचा ग्लास आल्यावर. तिथे कुणी तरी म्हणतं, "साहेब, पर्सनल लोन करून देतो, दोन दिवसांत पैसे खात्यावर, गाडीवर बोजाही नाही." आज त्याबद्दल बोलायचं आहे.

वाहन कर्जात गाडीच तारण असते, आरसीवर बँकेची नोंद होते. पर्सनल लोनला तारण नसतं, म्हणून त्याचा दर सहसा चढा असतो. त्यात नोव्हेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने विनातारण ग्राहक कर्जांसाठी बँकांना जास्त भांडवल राखायला सांगितलं, त्यामुळे ही कर्जं बँकांना महाग पडतात; वाहन कर्ज मात्र त्यातून वगळलं. म्हणून नवी गाडी घेताना आधी वाहन कर्जाची चौकशी करा. गाडी बरीच जुनी असेल, बँक तिच्यावर कर्ज देत नसेल, तर पर्सनल लोनचा विचार ठीक आहे.

आता तुम्हाला साताऱ्याच्या अप्पांची गोष्ट सांगते. अप्पा आमच्या शेजारचे, एसटीत कंडक्टर होते. सगळी नोकरी स्वारगेट–कोल्हापूर मार्गावर. मुलगी नर्स, रात्रपाळी करून एकटी स्कूटरवर यायची, म्हणून गाडी घ्यायचं ठरलं. पाच लाख कमी पडत होते. बँक म्हणाली, वाहन कर्ज, साडेनऊ टक्के. आणि एक एजंट घरी आला, तो म्हणाला, पर्सनल लोन, सात टक्के, पाच वर्षं. मुलीने ठरवूनच टाकलं. सात कुठे आणि साडेनऊ कुठे! कागद पुढ्यात आले, पेन हातात आलं.

अप्पा कोपऱ्यात बसून ऐकत होते. म्हणाले, "साहेब, हप्ता किती म्हणालात?"

"अकरा हजार दोनशे पन्नास, काका."

अप्पांनी वेबिल भरल्यासारखे आकडे मांडले. साठ हप्त्यांचे झाले सहा लाख पंचाहत्तर हजार. म्हणजे व्याज पावणेदोन लाख. वर्षाला पस्तीस हजार.

"पहिल्या वर्षी पाच लाखांवर पस्तीस हजार, हे समजलं," अप्पा म्हणाले. "वर्षभर हप्ते भरल्यावर मुद्दलातले एक लाख फिटले ना? मग दुसऱ्या वर्षी माझ्याकडे चारच लाख. तरी व्याज पस्तीस हजारच?"

"काका, तो फ्लॅट रेट आहे, तसंच असतं."

"आणि पाचव्या वर्षी? माझ्याकडे एकच लाख राहिलेत. एक लाखावर पस्तीस हजार व्याज?"

एजंट गप्प. आणि मग अप्पा जे बोलले ते मी जाईन तिथे सांगते. ते म्हणाले, "साहेब, पुण्याहून निघालेला माणूस साताऱ्याला उतरला, तर मी त्याच्याकडून कोल्हापूरपर्यंतचे पैसे कधी घेतले नाहीत. घेतले असते तर नोकरी गेली असती माझी."

मुलीने पेन खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी दोघं बँकेत गेले. साडेनऊ टक्के, पण शिल्लक मुद्दलावर. हप्ता आला साधारण साडेदहा हजार. महिन्याला साडेसातशे कमी, पाच वर्षांत पंचेचाळीस हजार कमी. श्रोतेहो, सात टक्क्यांचं कर्ज महाग आणि साडेनऊचं स्वस्त! कारण फ्लॅट सात टक्के म्हणजे पाच वर्षांसाठी शिल्लक रकमेवरचे जवळजवळ साडेबारा टक्के.

पुन्हा सांगते, शिल्लक रकमेवर. दर ऐकलात की विचारायचं: हा फ्लॅट आहे की शिल्लक रकमेवर? फ्लॅट आहे की शिल्लक रकमेवर? आपल्या मुलांना आठवीत चक्रवाढ व्याज शिकवतात, ते शिकवावंच. पण हप्त्यातलं मुद्दल किती आणि व्याज किती, हा तक्ता वर्गात फळ्यावर मांडला पाहिजे, कारण पुढे प्रत्येक घरात लागतो तो हाच. मी हे शिक्षकांपुढे नेहमी बोलते.

अप्पांच्या वेळी एक सोय नव्हती, ती आता आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून बँक असो वा फायनान्स कंपनी, नव्या किरकोळ कर्जासाठी सही करण्याआधी त्यांनी तुम्हाला 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यायचं असतं. त्यात एपीआर हा आकडा असतो. व्याज, प्रोसेसिंग फी, कर्जासोबत लावलेला विमा, असं सगळं धरून वर्षाला किती टक्के पडतात, ते हा आकडा सांगतो. तीन ठिकाणची तीन स्टेटमेंट घ्या आणि एपीआरशी एपीआर ताडून पाहा. त्या कागदात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

दर तुमच्या सिबिल स्कोअरवरही, म्हणजे आजवरची कर्जं किती नीट फेडलीत त्याच्या गुणांवरही ठरतो. 300 ते 900 मधला हा आकडा 750 च्या वर असला की घासाघीस करायला बळ येतं. कर्जफेडीची अशी नोंद ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेकडून, म्हणजे क्रेडिट ब्युरोकडून, वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो आधी मागवा, फिटलेलं जुनं कर्ज अजून थकीत दिसत असेल तर दुरुस्त करून घ्या. यात वेळ जातो. दसऱ्याला गाडी दारात हवी असेल तर श्रावणातच कामाला लागा. मुहूर्ताच्या गर्दीत, हार घातलेल्या गाडीपुढे ती भलीमोठी पुठ्ठ्याची किल्ली हातात घेऊन फोटो काढायच्या घाईत कुणी कागद वाचत नाही. तो फोटोचा प्रकार मला मनापासून आवडत नाही. देवाला नारळ फोडा, घरी पेढे वाटा, पुरे आहे.

आणखी एक. दर बदलता आहे की स्थिर, तेही विचारा. व्यक्तीने स्वतःसाठी घेतलेलं बदलत्या दराचं कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड आकारता येत नाही. स्थिर दराच्या कर्जावर तो असू शकतो. बोनस आला, भिशी लागली, की मुद्दलात भरायचा विचार असेल, तर हे आधीच पाहा.

आणि वाहन कर्ज फिटलं की बँकेकडून ना-हरकत दाखला आणि फॉर्म 35 घ्या. आरटीओत आरसीवरची बँकेची नोंद काढून घ्या, विमा पॉलिसीवरचंही बँकेचं नाव कमी करा. हे राहिलं तर पुढे गाडी विकताना अडतं.

नमस्कार.