मांडीची कातडी, डोक्यावर

(दृश्य: उशीचा अभ्रा, जवळून)
हा अभ्रा सकाळी बदललेला आहे. डोक्यात गळवं येतात, फुटतात आणि कातडीखालून एकमेकांना जाऊन मिळतात. इथे बोट दाबलं की पू पलीकडून येतो. या आजाराचं नाव डिसेक्टिंग सेल्युलायटिस. केसाच्या मुळाशी नळी तुंबते, आतच फुटते आणि शरीर तिथे सूज धरून बसतं. ‘डोकं नीट धूत नाहीस का?’ हे ऐकून ऐकून याचे रुग्ण थकलेले असतात. अस्वच्छतेशी याचा संबंध नाही. हा आजार कुणाला लागतही नाही.

अँटिबायोटिक, आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, अ‍ॅडालिमुमॅबची सूज उतरवणारी इंजेक्शनं. अनेकांना यातून आराम पडतो. पण जुनी, पक्की झालेली भुयारं औषधाने सहसा बुजत नाहीत. अशा वेळी शस्त्रक्रियेचं नाव निघायला फार उशीर होतो, अशी आमची तक्रार आहे.

(दृश्य: ऑपरेशन थिएटर, जांभळ्या शाईची रेघ)
ही रेघ आजाराच्या बाहेरून आहे. तिच्या आतली सगळी कातडी काढायची आणि तिथे मांडीची लावायची. आत एक भुयार राहिलं, तरी खेळ पुन्हा सुरू. डोक्याच्या कातडीचे थर पाच. वरचे तीन एकमेकांना घट्ट चिकटलेले, म्हणून ते एकत्रच उचलले जातात. इथल्या रक्तवाहिन्या कापल्या तरी सहज मिटत नाहीत, म्हणून आधीच रक्तवाहिन्या आकसवणारं अ‍ॅड्रिनॅलिन टोचलेलं आहे. तरी रक्त येतंच, पाहताय तुम्ही.

(दृश्य: कवटीवरचा चकचकीत थर)
आता हे नीट पाहा. हाडाला चिकटलेला हा पातळ पडदा. त्यात रक्तपुरवठा आहे, म्हणून नवी कातडी याच्यावर जगते. उघड्या हाडावर जगत नाही. पडदा गेलाच, तर हाडाचा वरचा पापुद्रा रक्ताचे ठिपके दिसेपर्यंत घासावा लागतो. सर्जनचा हात इथे एवढा हळू का चालतो, ते यावरून कळेल.

(दृश्य: मांडी, डर्मॅटोमचा, म्हणजे कातडीचा पातळ थर काढणाऱ्या यंत्राचा, आवाज)
सुतार रंधा मारतो तसंच. निघालेल्या कातडीची जाडी मिलिमीटरच्या साधारण एक तृतीयांश. धरली तर पलीकडचं बोट दिसतं. मग तिला बारीक चिरा, खालचं पाणी निघून जावं म्हणून. कडेने स्टेपल. वर स्पंज आणि हवा खेचणारं यंत्र, म्हणजे कातडी जागची हलत नाही. पहिले दोन दिवस ती खालचा द्रव शोषून तग धरते. मग दोन्हीकडच्या रक्तवाहिन्यांची तोंडं जुळतात.

(दृश्य: पाचवा दिवस, ड्रेसिंग उघडताना)
गुलाबी म्हणजे नवी कातडी धरली. कानामागे नखाएवढा काळा तुकडा आहे, तेवढा कापून काढतील.

या जागेवर केस येणार नाहीत, ऊन कायम टाळावं लागेल, आणि उरलेल्या केसांच्या कडेला आजार पुन्हा डोकं काढू शकतो.

(दृश्य: आरसा. निवेदन नाही, खोलीतला आवाज तसाच ठेवावा.)