फ्रिजची घरघर

आत्ता ऐकू येतेय ती फ्रिजची घरघर. घरातलाच फ्रिज, मोबाइलवर रेकॉर्ड केलेला. हेच रेकॉर्डिंग निम्म्या वेगाने वाजवलं की आवाज एक सप्तक खाली उतरतो आणि दुप्पट लांबतो. फक्त ॲपमध्ये पिच, म्हणजे स्वराची उंची, कायम ठेवण्याचा पर्याय बंद हवा, नाहीतर नुसतीच रेंगाळलेली घरघर मिळते. ऐका. भिंतीपलीकडे कुणीतरी श्वास घेतंय, नाही?

भयपटासाठी असे घरगुती आवाज वापरायची ही वाट खिसा रिकामा असलेल्या विद्यार्थ्यांनी फार पूर्वीच तुडवली आहे. दिग्दर्शक डेव्हिड लिंच तेव्हा अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकत होते. 1972 मध्ये त्यांनी ‘इरेझरहेड’ या भयपटाचं चित्रीकरण सुरू केलं. बेव्हर्ली हिल्समधल्या ग्रेस्टोन हवेलीचे तबेले हाच स्टुडिओ. पैसे संपले की काम थांबायचं. चित्रपट लोकांसमोर यायला 1977 उजाडलं.

ध्वनीसाठी सोबत होते ॲलन स्प्लेट. दोघांची जोडी जमली ती त्याआधी, 1970 च्या ‘द ग्रँडमदर’ या लघुपटावर. आवाज घुमवणारं यंत्र हाताशी नव्हतं. मग ॲल्युमिनियमच्या पाइपच्या एका टोकातून आवाज सोडायचा, दुसऱ्या टोकाला माइक धरायचा. विहिरीत वाकून हाक मारलेल्या माणसाला यातलं गमक वेगळं सांगायला नको.

‘इरेझरहेड’मध्ये सुरुवातीची कितीतरी मिनिटं कुणी बोलतच नाही. पण शांतताही नाही. वाफेची फुसफुस, यंत्रांची घरघर, वारा, सगळं मागे सतत चालू. दचकवण्यासाठी मध्येच ढॅण करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ते सोपं आहे, आणि दुसऱ्या वेळी त्याची गंमत जाते. ही घरघर मात्र अंगात भिनते. तिच्याकडे आपलं लक्षच नसतं ना, म्हणून.

तेव्हा शूटिंग संपलं तरी लगेच निघू नका. पंखा बंद, सगळे गप्प, आणि रिकाम्या खोलीचा मिनिटभर आवाज घ्या. हाड मोडायचंय? गाजर ओल्या टॉवेलात गुंडाळून पिळा. दार करकरत नसेल तर जुनी लोखंडी खाट हलवा.

सगळे आवाज एकत्र करून झालेला मिक्स मात्र हेडफोनवर आणि मोबाइलच्या स्पीकरवर, दोन्हीकडे ऐका. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून खर्जातली गुरगुर जवळजवळ येतच नाही, आणि तुमचा बराचसा प्रेक्षक फोनवरच बघणार. म्हणून खर्जाच्या जोडीला थोडी खरवड, थोडी फुसफुस वरच्या पट्टीतही ठेवा.