कूस बदलली की घर फिरतं

नमस्कार श्रोतेहो. मी फिजिओथेरपिस्ट.

पहाटे जाग येते. तुम्ही उजव्या कुशीवर वळता आणि अख्खी खोली गरगरायला लागते. गादीची कड घट्ट धरून पडावं लागतं. अर्ध्या मिनिटात सगळं शांत. पुन्हा कूस बदलली की पुन्हा तेच.

घरात निदान तयारच असतं. पित्त वाढलंय, बीपी असेल, नाहीतर मानेचा मणका. मग गळ्यात पट्टा येतो. माझ्याकडे येणारे निम्मे तरी पट्टा घालूनच येतात, आणि दोष असतो कानात!

कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणाऱ्या तीन वळणदार नळ्या असतात. शेजारच्या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक खडे चिकटलेले असतात. वयामुळे किंवा डोक्याला मार लागून ते सुटतात आणि नळीत घरंगळतात. डोकं हललं की ते सरकतात, नळीतलं पाणी ढवळतं आणि मेंदूला वाटतं, आपण फिरतोय.

तपासायला यंत्र लागत नाही. पेशंटची मान एका बाजूला वळवून त्याला पटकन उताणं निजवायचं आणि डोळ्यांकडे बघत राहायचं. दोन-चार सेकंदांनी बुबुळं थरथरू लागली, की कुठला कान ते कळतं. परवा एका आजींनी त्या क्षणी माझं मनगट असं आवळलं, की बांगड्यांचे वळ उठले.

मग उपचार. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे कानाचे सर्जन जॉन एप्ली यांनी ही पद्धत शोधली. सुरुवातीला सहकाऱ्यांनी त्यांची टर उडवली. शोधनिबंध छापून आला तो 1992 साली. डोकं टप्प्याटप्प्याने फिरवत खडे पिशवीत परत घालवायचे, एवढंच. प्रत्येक स्थितीत अर्धा-एक मिनिट थांबायचं. पाच मिनिटांचं काम. बऱ्याच जणांना एकाच खेपेत आराम पडतो, काहींना दोन-तीनदा यावं लागतं.

मोबाइलवर व्हिडिओ बघून पहिल्यांदाच स्वतः करू नका. कान चुकला तर उपयोग नाही, आणि मान मुळात दुखरी असेल तर वेगळंच दुखणं मागे लागेल.

फिजिओथेरपी म्हणजे नुसता शेक नव्हे. बाळंतपणानंतर खोकताना लघवी सुटते, स्तनाच्या ऑपरेशननंतर हात सुजतो, त्यावरही आमच्याकडे उपचार आहेत. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

चक्करेसोबत जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं, एकाचे दोन दिसले किंवा हातपाय लुळे पडले, तर मात्र माझ्याकडे येऊ नका. थेट मोठं हॉस्पिटल गाठा.

नाहीतर पुढच्या खेपेला दोनच गोष्टी लक्षात ठेवून या: कुठल्या कुशीवर फिरलं, आणि किती वेळ.