१.६ की १.९? प्यूजो २०५ जीटीआय घेण्याआधी

मंडळी, ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या वेड्यांपुढे नुसतं ‘१.६ की १.९?’ म्हणा. गाडीचं नाव घ्यावं लागत नाही. समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो आणि चहा गार होईपर्यंत बोलतो. आज इथे बसलेल्यांपैकी दोघातिघांचा अशी गाडी घ्यायचा विचार चाललाय, म्हणून हा विषय काढला. बाकीच्यांनी शेजाऱ्याचे पैसे कुठे जाणार आहेत एवढं ऐकून घ्यावं.

प्यूजो २०५ आली १९८३ साली आणि तिची वेगवान आवृत्ती, जीटीआय, १९८४ मध्ये. पहिलं इंजिन १५८० सीसीचं, म्हणजे १.६ लिटरचं, १०५ अश्वशक्तीचं. १९८६ मध्ये ते ११५ वर नेलं, आणि त्याच सुमारास १९०५ सीसीचं, म्हणजे १.९ लिटरचं, १३० अश्वशक्तीचं मोठं इंजिन आलं. पुढे काही वर्षं दोन्ही गाड्या एकाच शोरूममध्ये शेजारी शेजारी उभ्या असायच्या. वाद तेव्हापासूनचा आहे.

आता आकडे बघून कुणीही म्हणेल, १३० मोठं की ११५? मोठंच घ्यावं! थांबा. जरा इंजिनाच्या आत जाऊ.

दोन्ही इंजिनांचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, तोच आहे: ८३ मिलिमीटर. फरक स्ट्रोकचा. १.६ मध्ये पिस्टन ७३ मिलिमीटर वरखाली होतो, १.९ मध्ये ८८. म्हणजे कंपनीने सिलिंडर रुंद केला नाही, क्रँक लांब केला. सायकलच्या पेडलचा दांडा लांब केला तर काय होईल? जोर जास्त मिळेल, पण पायाला मोठा फेरा मारावा लागेल. इथेही तसंच. मिनिटाला ६००० फेरे धरले, तर १.६ चा पिस्टन सरासरी सेकंदाला १४.६ मीटर वेगाने पळतो आणि १.९ चा १७.६ मीटर वेगाने. लांब स्ट्रोकवालं इंजिन वरच्या आरपीएमला कंटाळल्यासारखं का वाटतं, त्याचं निम्मं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

उरलेलं निम्मं सिलिंडर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या ज्या भागातून हवा आत-बाहेर होते तिथे. ११५ अश्वशक्तीच्या १.६ ला मोठ्या व्हॉल्व्हचं जे हेड मिळालं, तेच १.९ वर आहे. आता हिशेब करा. १.९ चं आकारमान वीस टक्क्यांनी जास्त. टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, हाही साधारण तेवढाच जास्त: १.६ चा सुमारे १३४ न्यूटन-मीटर, १.९ चा १६० च्या आसपास. अश्वशक्ती मात्र तेराच टक्के वाढली. कारण उघड आहे. खाली, मध्यम फेऱ्यांवर, मोठ्या इंजिनाला हवी तेवढी हवा मिळते आणि ते मनसोक्त ओढतं. वर गेल्यावर त्याच हेडमधून जास्त हवा ओढायची, तिथे त्याचा श्वास आखडतो. छोट्या इंजिनाला तेच हेड ऐसपैस पडतं, म्हणून ते वर वर जायला हपापलेलं असतं.

म्हणून १.९ चालवताना चौथ्या गिअरमध्ये आळसावून बसलं तरी गाडी पुढे सरकते. शिवाय तिचं गिअरिंग लांब, मोटरवेवर इंजिन कमी ओरडतं. १.६ ला मात्र सतत गिअर बदलत राहावं लागतं. खाली दम नाही, पण ४००० फेऱ्यांच्या पुढे जी धावते! गिअरबॉक्स आखूड असल्यामुळे वेल्समधल्या किंवा यॉर्कशायरमधल्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यावर गाडीचा सगळा दम कायदेशीर वेगातच संपवता येतो. माझ्या मते चाळीस वर्षं जुन्या गाडीत याहून मोठी मजा नाही. सरळ रस्त्यावर १.९ पुढे जाणारच, त्याबद्दल वाद नाही. पण सरळ रस्त्यासाठी कोण घेतं हो ही गाडी?

इतर फरक झटपट सांगतो. १.९ ला मागे डिस्क ब्रेक, १.६ ला ड्रम. १.९ ला १५ इंची चाकं, १.६ ला १४ इंची. १.६ च्या टायरची भिंत थोडी उंच, त्यामुळे खड्डे जरा मऊ लागतात. १.९ च्या सीटना अर्धं लेदर, आणि इंजिनाला ऑइल कूलर. वळणात मध्येच ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू बाहेर निघायची खोड मात्र दोघींनाही आहे. पावसात, राउंडअबाउटवर, घाबरून पाय उचलू नका.

रोग दोन्ही इंजिनांचे सारखेच. ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि आत वेट लायनर, म्हणजे पिस्टन ज्या नळीत पळतो त्या नळीच्या (लायनरच्या) भोवती थेट कूलंट खेळतो. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलं असेल, तर आतून गंज खाल्लेला असतो. कूलंटच्या टाकीचं झाकण उघडून रंग बघा. तपकिरी गाळ दिसला, तर गाडी कितीही चकचकीत असो, भाव पाडा किंवा घरी या. टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याची पावती मागा. तोंडी उत्तर चालणार नाही. आणि इंजिनाच्या नादात मागचा ॲक्सल विसरू नका: त्याच्या आर्मची बेअरिंग झिजली की मागची चाकं वरून आत झुकतात. गाडीच्या मागे दहा पावलं उभं राहून बघितलं तरी कळतं, आणि ते दुरुस्त करणं स्वस्त नाही.

जाता जाता, हिची एक मोठी बहीण आपल्याकडेही होती बरं का. प्यूजो ३०९ याच प्लॅटफॉर्मवर बेतलेली, दारंसुद्धा २०५ चीच. नव्वदच्या दशकात पाल-प्यूजो ती कल्याणला बनवायची. युरोपात ३०९ जीटीआयला हेच १.९ इंजिन होतं. कल्याणच्या गाडीला मात्र १.४ पेट्रोल आणि १.५ डिझेल.

आता कागदपत्रं, कारण इथे बरेच जण फसतात. १.९ ला भाव जास्त, त्यामुळे १.६ च्या गाडीत १.९ चं इंजिन बसवून विकणारे पुष्कळ. त्यात वाईट काही नाही. आखूड गिअरबॉक्स आणि मोठं इंजिन ही जोडी भलतीच चपळ असते. फक्त ती १.९ च्या भावात घेऊ नका. इंजिनावरचा कोड वाचा: ११५ अश्वशक्तीच्या १.६ वर बी६डी, १३० च्या १.९ वर डी६बी, आणि शेवटच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवाल्या (धूर कमी विषारी करणारा भाग), १२२ अश्वशक्तीच्या १.९ वर डीकेझेड. मग इंजिनाचा नंबर लॉगबुकातल्या, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रातल्या, नंबराशी जुळवा.

लंडनकरांसाठी आणखी एक. या गाड्या यूलेझच्या, म्हणजे लंडनच्या कमी-प्रदूषण क्षेत्राच्या, अटीत बसत नाहीत, दिवसाला साडेबारा पौंड मोजावे लागतात. चाळीस वर्षं उलटून ऐतिहासिक वाहन म्हणून नोंद झाली की रोड टॅक्सही जातो आणि यूलेझही. इथे पहिल्या १.६ गाड्यांचा नंबर आधी लागतो, १.९ वाल्यांना थांबावं लागतं. आणि पेट्रोल भरताना ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं) नको, कमी इथेनॉलवालं सुपर ई५ घ्या, जुन्या रबरी नळ्यांची काळजी म्हणून.

(‘प्यूजो ४०५ चं एमआय१६ इंजिन बसवलेली गाडी घ्यावी का?’ या प्रश्नावर:) सोळा व्हॉल्व्ह, १६० अश्वशक्ती, आणि ते त्याच घराण्यातलं असल्यामुळे बसतंही नीट. चालवून बघा, वेड लागेल. पण तेवढ्या वेगाला १.६ चे मूळ ब्रेक पुरत नाहीत, तेव्हा ब्रेक कुठल्या गाडीचे लावलेत ते आधी विचारा. बदललेल्या इंजिनाची नोंद लॉगबुकात झाली आहे का तेही बघा, आणि पैसे देण्याआधी विमा कंपनीला फोन करून सगळं सांगा. पुढे दावा करायची वेळ आली, तर न कळवलेलं इंजिन हेच त्यांना नकार द्यायला पुरेसं कारण असतं.