अल्टरनेटरचा पट्टा आणि आपली खारी हवा

(मे महिन्याच्या शेवटी रत्नागिरीत मोटारसायकलस्वार आणि मेकॅनिक मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, १ जूनला मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत. मिरकरवाड्यात, हर्णैला नौका शाकारून उभ्या राहतील आणि इंजिनांची झाकणं उघडली जातील. घराघरात आगोटीची तयारी चालूच आहे. मिरच्या झाल्या, सुकट भरली, कौलं चाळून झाली. मोटारसायकल मात्र या यादीत कुणाच्याच नसते. म्हणून अल्टरनेटरचा पट्टा हा आजचा विषय जूनच्या आत घेतला. अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून वीज तयार करणारं आणि बॅटरी भरणारं यंत्र, आणि त्याला फिरवतो तो हा पट्टा. पावसात अंगणात बसून हे काम करता येत नाही.

आधी एक गोष्ट मिटवून टाकू. बाहेर ज्या गाड्या लावल्या आहेत, त्यातल्या बहुतेकांना हा पट्टा नाहीच. बुलेट घ्या, पल्सर घ्या, स्प्लेंडर घ्या. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकाला चुंबकाचं चाक फिरतं, शेजारी कॉइल असते, तिथेच वीज तयार होते. सगळं इंजिनाच्या कव्हरच्या आत. ॲक्टिव्हाला पट्टा आहे, पण तो चाक फिरवतो. तो तुटला की गाडी जागची हलत नाही. आजचा पट्टा तुटला तर गाडी पळत राहते, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

हा पट्टा आहे तो बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर गाड्यांना, म्हणजे ज्यांचे दोन सिलिंडर डावी-उजवीकडे आडवे असतात त्यांना. १९९३ ची आर ११००, १९९९ ची आर ११५० आणि २००४ ची आर १२०० जीएस, ही ती घराणी. या इंजिनांचा क्रँक गाडीच्या लांबीत बसवलेला असतो. त्याचं पुढचं टोक पुढच्या चाकाच्या मागे येतं, तिथे खालची पुली. अल्टरनेटर इंजिनाच्या डोक्यावर, मोटारीसारखाच. मध्ये हा चार धारांचा चपटा पट्टा. २०१३ मध्ये पाण्याने थंड होणारी नवी जीएस आली, तिचा अल्टरनेटर इंजिनाच्या पोटात गेला आणि पट्टा संपला. पण जुन्या गाड्या अजून धावतात. पुण्या-मुंबईहून सागरी मार्गाने येणाऱ्यांत त्या दिसतात, आपल्याकडेही थोड्या आहेत. आणि त्या बंद पडतात तेव्हा आपल्याच गॅरेजसमोर पडतात. माझं म्हणणं असं की, ज्याने बोटीच्या किंवा टेम्पोच्या इंजिनाचा पट्टा बदललाय, त्याने गाडीचं नाव ऐकून हात मागे घ्यायचं कारण नाही.

मोटारीत बऱ्याचदा त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही असतो. पट्टा गेला की इंजिन तापतं, गाडी थांबवावीच लागते. या बॉक्सरना पाणीच नाही, तेल आणि वारा. पट्टा तुटला तर इंजिनाला काही कळत नाही. बॅटरीचा लाल दिवा लागतो तेवढाच, आणि दुपारच्या उन्हात तो दिसतो कुणाला? पुढे सगळा खर्च बॅटरीतून. हेडलाइट ५५ वॉटचा, म्हणजे साडेचार अँपिअर. त्यात पेट्रोलचा पंप, पेट्रोल मोजून फवारणारं इंजेक्शन, ठिणगी पाडणारं इग्निशन. १४ अँपिअर-अवरची बॅटरी नवी आणि भरलेली असेल तर तासाभराच्या आसपास हिशोब जातो. मग एबीएसचा (चाक जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकचा) दिवा लुकलुकतो, इंजिन अडखळतं, आणि गाडी आंबा घाटात उभी. मालक म्हणतो, बॅटरी खराब निघाली. नवी बॅटरी बसते, पुन्हा तासाभराने तेच.

म्हणून पाना उचलण्याआधी मल्टिमीटर उचला. गाडी रात्रभर बंद होती, किल्ली लावलेली नाही, अशा वेळी बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ ते १२.८ व्होल्ट हवेत. १२ च्या खाली असेल तर ती रिकामी आहे, आधी चार्ज करा, नाहीतर पुढचं कोणतंच माप खरं सांगणार नाही. मग इंजिन चालू करून तीन हजार आरपीएमच्या आसपास धरा. १३.८ ते १४.५ मिळाले तर चार्जिंग ठीक, दोष दुसरीकडे शोधा. बारा-साडेबारावर काटा बसून राहिला आणि हळूहळू उतरतोय, तर चार्जिंग होतच नाही. १५ च्या वर गेला तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय, पट्ट्याला बोल लावू नका.

इथे एक जुनी सवय सांगतो आणि सोडा म्हणतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची आणि गाडी बंद पडते का बघायचं, म्हणजे म्हणे डायनॅमो तपासला. जुन्या गाड्यांत ते खपून गेलं. या गाड्यांत वायर काढताक्षणी व्होल्टेज उसळी मारतं, त्यात अल्टरनेटरचे डायोड जातात, नशीब वाईट असेल तर इंजेक्शन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबाही. मीटर काही शे रुपयांना मिळतो. हा डबा त्या भावात मिळत नाही.

चार्जिंग होत नाही आणि पट्टा तर शाबूत दिसतोय, असंही होतं. मग किल्ली फिरवा, इंजिन चालू करू नका, आणि बॅटरीचा दिवा लागतो का बघा. आर ११०० आणि ११५० मध्ये त्या दिव्यातूनच अल्टरनेटरला पहिला करंट मिळतो. बल्ब उडालेला असेल तर अल्टरनेटर जागाच होत नाही. दहा-वीस रुपयांच्या बल्बपायी अल्टरनेटर उघडलेले लोक आहेत.

आणि मग आपली खारी हवा. अल्टरनेटरची जाड लाल केबल, तिचा बॅटरीकडचा डोळा (बोल्टमध्ये अडकणारं कडं), आणि अर्थची वायर जिथे बोल्टने धरली आहे ती जागा. किनाऱ्याला ठेवलेल्या गाडीत इथे हिरवी बुरशी धरतेच. वरून बोल्ट घट्ट, आत तांबं खाल्लेलं. हे डोळ्यांनी कळत नाही, मीटरने कळतं. इंजिन चालू, दिवे चालू, आणि मीटरची एक सुई अल्टरनेटरच्या लाल केबलच्या टोकावर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर. दोन्हींत ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर मधला सांधा खराब आहे. तसंच अर्थच्या बाजूने करा. सांधा उघडा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट करा, वर पेट्रोलियम जेली. माझा अनुभव विचाराल तर रत्नागिरीत पट्ट्यापेक्षा हे सांधेच जास्त त्रास देतात.

आता पट्टा. समोरचं कव्हर निघालं की तो पूर्ण दिसतो, मात्र याच घराण्यातल्या आरटीसारख्या फेअरिंगच्या, म्हणजे प्लास्टिकचं आवरण असलेल्या, गाडीत आधी ते आवरण उतरवावं लागतं. आत लाल चिखल असेल. पुढचं चाक जे उडवतं ते सगळं इथे येतं, आणि जांभ्याची ती बारीक धूळ पट्ट्याच्या धारांमध्ये बसून पॉलिश पेपरचं काम करते. पूर्वी पट्ट्याला भेगा पडल्या की बदलायचा, असं शिकवायचे. नव्या पट्ट्यांच्या ईपीडीएम या कृत्रिम रबराला भेगा पडतीलच असं नाही. तो टायरसारखा झिजतो. धारा बारीक होतात, पट्टा पुलीच्या खाचांत खोल बसतो, ताण जातो. म्हणून तो नखाने तपासा. धारेचं टोक टोकदार लागतंय का, खाचेचा तळ चकाकतोय का, कडेचे धागे सुटलेत का, हे बघा. मधे एखादा खडा अडकून चारपैकी एक धार सोलून निघालेली असेल तर विचार करत बसू नका, बदला. पट्टा तेलाने फुगून मऊ झाला असेल तर मात्र नवा पट्टा हे उत्तर नाही. क्रँकचं पुढचं ऑइल सील बघा.

पट्टा विकत घेताना पाठीवरचा नंबर वाचा. पीके हा धारांचा प्रकार, त्याच्या आधीचा ४ म्हणजे चार धारा, नंतरचा आकडा म्हणजे लांबी, मिलिमीटरमध्ये. मोटारीच्या स्पेअरच्या दुकानात चार धारांचे पट्टे ढिगाने असतात, त्यामुळे मोह होतो. पण आर १२०० चा पट्टा ताणला जाणारा आहे, कारण त्या गाडीत ताण द्यायला स्क्रूच नाही. तिथे साधा पट्टा एक तर चढणार नाही, नाहीतर ढिला राहील. ११०० आणि ११५० ला ताणाचा स्क्रू आहे, तिथे साधाच पट्टा लागतो. जुना पट्टा हातात घेऊन, नंबर जुळवूनच आणा.

काम असं. किल्ली खिशात घाला. बॅटरीची मायनस वायर आधी काढा, कारण अल्टरनेटरची लाल केबल किल्ली बंद असली तरी जिवंत असते आणि तुमचा पाना तिच्या शेजारी फिरणार आहे. गाडी मेन स्टँडवर, दोन्ही सिलिंडरांचे स्पार्क प्लग बाहेर, गाडी वरच्या गिअरमध्ये. आता मागचं चाक हाताने पुढे फिरवलं की क्रँक बरोबर दिशेने फिरतो. जुन्या गाड्यांत अल्टरनेटरचे नट सैल करा, तो खाली सरकतो, पट्टा हातानेच निघतो. नवा बसवून स्क्रूने ताण द्या, ८ न्यूटन-मीटर, टॉर्क पाना लावून, आणि मग नट आवळा. घट्ट म्हणजे चांगलं, या समजुतीने अल्टरनेटरच्या बेअरिंगचा जीव जातो.

आर १२०० ला जुना पट्टा कापून काढा. नवा वरच्या पुलीवर पूर्ण बसवा, खालच्या पुलीवर एका बाजूने जेवढा चढेल तेवढा चढवा आणि तिथे प्लास्टिकच्या केबल टायने पुलीला बांधा. आता दुसऱ्या माणसाने मागचं चाक सावकाश फिरवायचं. पट्टा करकरत ताणतो, पुलीच्या काठावर क्षणभर अडतो आणि टपकन खाचांत उतरतो. तो अडतो तेव्हाच बोटाने ढकलावंसं वाटतं. ढकलू नका. चाक फिरवणाऱ्याला तुमचं बोट दिसत नसतं. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटूही नका, आतला दोरा दुखावतो आणि नवा पट्टा लवकर जातो. टाय कापून काढा, दोन पूर्ण फेरे द्या आणि टॉर्च लावून चारही धारा चार खाचांत आहेत ना बघा. एक धार बाहेर लोंबत राहणं ही नेहमीची चूक आहे.

पट्टा निघालेला असताना वरची पुली हाताने फिरवून बघा. बेअरिंगचा खरखराट असा परत ऐकायला मिळणार नाही. खाचांतला गंज पितळी ब्रशने काढा. आणि जुन्या ११०० असतील तर खालच्या पुलीमागून येणारी हॉल सेन्सरची (क्रँक कुठवर फिरलाय हे इंजिनाच्या डब्याला कळवणाऱ्या सेन्सरची) वायर बघा. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तिचं वेष्टण तडकतं. उन्हात गाडी छान, पावसात मिसफायर, असा जो आजार असतो त्याचं मूळ पुष्कळदा इथे सापडतं.

नवा पट्टा किंचाळत असेल तर कव्हर लावण्याआधी चालत्या पट्ट्यावर लांबून थोडं पाणी फवारा. बोटं, ओढणी, लेंग्याची नाडी, सगळं लांब. आवाज वाढला तर पट्टा घसरतोय, ताण कमी आहे. आवाज थांबून पाणी सुकल्यावर परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. खोबरेल किंवा स्प्रे पट्ट्याला लावायचा नाही.

एकाने मघाशी विचारलं, वाटेतच तुटला तर? दिवसा असेल तर जादा दिवे, हँडलचे हीटर, मोबाइलचा चार्जर सगळं बंद करा आणि इंजिन बंद न करता जवळच्या गॅरेजपर्यंत जा. तुटक्या पट्ट्याचं टोक पुलीत गुंडाळलेलं नाही ना, एवढं मात्र थांबून बघा. आणि जयगड-तवसाळ किंवा दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर चढणार असाल तर तिथे इंजिन बंद करायला लावतात. पलीकडे स्टार्टर मारला की बॅटरीतून शंभरावर अँपिअर जातात, आणि तेवढे उरलेले नसतात. इंजेक्शनची गाडी ढकलूनही सुरू होत नाही, पंपालाच करंट नाही. तेव्हा फेरीवर चढतानाच शेजारच्या जीपवाल्याशी गप्पा सुरू करा, त्याच्याकडे जंपर केबल आहे का विचारून ठेवा. जीपचं इंजिन बंद ठेवूनच केबल जोडा.