तिरपी केलेली स्कूटर

(दृश्य: जुन्या वाड्याचं अंगण, कापडाखाली झाकलेली स्कूटर)

किक मारण्याआधी स्कूटर डाव्या अंगाला तिरपी करायची. का, ते कुणी समजावून सांगितलं नाही. वडील करायचे, म्हणून मुलगाही करायचा.

ही चेतक, पुण्याजवळच्या आकुर्डीची. इटलीच्या पियाजिओबरोबरचा बजाजचा करार १९७१मध्ये संपला आणि व्हेस्पा हे नाव हातचं गेलं. पुढच्याच वर्षी जवळपास तीच गाडी राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव लावून रस्त्यावर उतरली. किती गाड्या बनवायच्या हे तेव्हा सरकार ठरवायचं. त्यामुळे नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. गिऱ्हाईकच रांगेत उभं असताना गाडी बदलायची गरज कुणाला?

१९८५मध्ये हिरो होंडाची शंभर सीसीची मोटारसायकल आली. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही, आणि अ‍ॅव्हरेज तर विचारूच नका. रांग हळूहळू दुसऱ्या दुकानासमोर सरकली.

(दृश्य: चाकणचा रस्ता, पल्सरच्या ओळी)

बजाजने आधी जपानच्या कावासाकीचा हात धरला आणि मग २००१मध्ये स्वतःची पल्सर आणली. राजीव बजाज यांनी पुढे सगळा डाव मोटारसायकलवर लावला. २००९मध्ये स्कूटर बंद करायचं जाहीर झालं, तेव्हा त्यांचे वडील राहुल बजाज यांनी आपली नाराजी लपवली नाही. बाप-लेकांचा मतभेद चारचौघांत आला. खरं कोण ठरलं? बजाजची बॉक्सर मोटारसायकल नायजेरियात टॅक्सी म्हणून धावू लागली, हे लेकाच्या बाजूने. पण स्कूटरचं गिऱ्हाईक संपलं नव्हतंच. ते होंडाच्या अ‍ॅक्टिव्हा स्कूटरवर जाऊन बसलं, आणि हे मात्र बापाच्या बाजूने.

या हिशेबात कामगार कुठे बसतो? आकुर्डीतलं गाड्यांचं उत्पादन त्याआधीच, २००७मध्ये थांबलं होतं. काम चाकणला आणि करसवलतीच्या उत्तराखंडात गेलं. कारखान्याच्या भोंग्यावर ज्या घरांचे डबे भरले जायचे, त्यांच्यासाठी ‘बदलाशी जुळवून घेणं’ म्हणजे स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावरची सही.

(दृश्य: गॅरेज, मेकॅनिक प्लग साफ करताना)

राहुल बजाज फेब्रुवारी २०२२मध्ये गेले. त्याच वर्षी १० जूनला, त्यांच्या जन्मदिनी, आकुर्डीत नवा कारखाना सुरू झाला. गाडीचं नाव पुन्हा चेतक, पण ही विजेवर चालणारी. प्लग नाही, कार्ब्युरेटर नाही, किकही नाही.

गॅरेजवाला तिच्याभोवती एक फेरी मारतो. सवयीने हँडल धरून डावीकडे जरा कलवतो, आणि स्वतःशीच हसून सोडून देतो.