चेंडूकडे पाहू नका

(दृश्य : उंचावरून दिसणारं मैदान. चेंडू सेंटरच्या, म्हणजे खेळी सुरू करणाऱ्या खेळाडूच्या, पायांमधून मागे येतो. पुढच्या दोन सेकंदांत तो तीन वेगवेगळ्या खेळाडूंपैकी कुणाच्याही हातात असू शकतो.)

निवेदन :

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचाव करणाऱ्या पोराला शाळेपासून एक गोष्ट अंगात भिनवलेली असते. चेंडू जिकडे, तिकडे धाव घ्यायची. जो सगळ्यात आधी चेंडूवाल्यापर्यंत पोचतो, तो चांगला बचावपटू. ट्रिपल ऑप्शन नावाचं आक्रमण समोर आलं की नेमकी हीच सवय त्याचा घात करते.

आधी हे आक्रमण चालतं कसं ते सावकाश पाहू. मैदानावर ते इतक्या वेगात घडतं की पहिल्यांदा पाहणाऱ्याला चेंडू गेला कुठे तेच कळत नाही.

(दृश्य : फळ्यावर खडूनं काढलेली मांडणी. आक्रमण चालवणारा क्वार्टरबॅक, त्याच्या पाठीशी चेंडू घेऊन धावणारा फुलबॅक, दोन्ही कडांना तसाच धावणारा एकेक स्लॉटबॅक.)

क्वार्टरबॅक चेंडू घेतो आणि फुलबॅकच्या पोटाशी नेतो. अजून सोडत नाही. त्याची नजर असते समोरच्या एका बचावपटूवर, आणि या बचावपटूला मुद्दामच कुणी अडवलेलं नसतं. तो आत, फुलबॅकवर धावून आला, तर क्वार्टरबॅक चेंडू काढून घेतो. तो बाहेरच थांबला, तर चेंडू फुलबॅकला मिळतो आणि तो सरळ मधून घुसतो. हा पहिला पर्याय, म्हणजे डाइव्ह.

चेंडू काढून घेतला असेल तर क्वार्टरबॅक कडेला धावतो. तिथे आणखी एक मोकळा सोडलेला बचावपटू उभा असतो. तो क्वार्टरबॅकवर आला, तर चेंडू बाहेरून धावणाऱ्या स्लॉटबॅककडे फेकायचा, म्हणजे पिच. तो स्लॉटबॅकच्या मागे गेला, तर क्वार्टरबॅकनं स्वतःच पुढे निघायचं. तीन पर्याय, दोन निर्णय, आणि दोन्ही निर्णय बचावपटूच्या पहिल्या पावलावरून घेतले जातात. बचावपटू जे करेल ते चुकीचंच ठरेल, अशी ही रचना आहे.

खरी मेख आकड्यांत आहे. दोन्हीकडे ११ खेळाडू. साध्या धावेत चेंडू घेऊन पळणारा सोडला आणि चेंडू देऊन मोकळा झालेला क्वार्टरबॅक सोडला, की अडवायला उरतात ९, आणि समोर असतात ११. ऑप्शनमध्ये समोरच्यांपैकी दोघांना अडवायचंच नसतं, त्यांना नुसत्या नजरेनं चकवायचं असतं. त्यामुळे वाचलेले अडवणारे थेट बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या लाइनबॅकरवर आणि सगळ्यात मागे उभ्या सेफ्टीवर जाऊन धडकतात. ज्या संघाकडे १४० किलोचे पहाड नाहीत, त्याला हे गणित मोठ्या संघाच्या बरोबरीला आणतं. म्हणूनच आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्स या लष्करी अकादमींनी ते इतकी वर्षं जिवापाड जपलं. लष्करी सेवेत जाणारी मुलं वजनाने हलकी असतात, शिस्तीला मात्र पक्की.

(दृश्य : जुने कृष्णधवल फोटो. ह्यूस्टन. टेक्सास.)

या कल्पनेला आधुनिक रूप दिलं ह्यूस्टन विद्यापीठाच्या बिल योमन यांनी, १९६०च्या दशकाच्या मध्यात. त्यांच्या व्हीअर आक्रमणानं १९६८ साली टल्साला १००–६ असं धुतलं. त्याच वर्षी टेक्सास विद्यापीठात सहायक प्रशिक्षक एमरी बेलार्ड यांनी क्वार्टरबॅकच्या मागे तीन धावणारे बॅक उभे करून विशबोन रचलं आणि मुख्य प्रशिक्षक डॅरेल रॉयल यांच्या या संघानं त्याच्या जोरावर सलग ३० सामने जिंकले. पुढे ओक्लाहोमानं तेच उचललं. १९७१च्या मोसमात त्यांनी नुसतं धावून सामन्यामागे सरासरी ४७२.४ यार्ड काढले.

आता बचावाकडे येऊ. माझ्या मते या खेळातला सगळ्यात कठीण संयम इथे लागतो.

पहिला नियम कागदावर अगदी सोपा आहे. कामं वाटून द्यायची. तू फुलबॅकचा, तू क्वार्टरबॅकचा, तू पिचचा. फुलबॅककडे चेंडू असो वा नसो, ज्याचं काम फुलबॅक आहे त्यानं प्रत्येक वेळी फुलबॅकलाच खाली पाडायचं. पिच सांभाळणाऱ्यानं क्वार्टरबॅक डोळ्यांसमोरून निघून जात असला, तरी त्याच्यामागे जायचं नाही. १९७१च्या १ जानेवारीला कॉटन बाउल या मोसमाअखेरच्या सामन्यात प्रशिक्षक आरा पार्सेगियन यांच्या नोत्र दामनं टेक्सासच्या मागच्या फळीसमोर तशीच आरशासारखी मांडणी उभी केली, तिकडच्या प्रत्येकासाठी इकडे एक. टेक्सासच्या हातून चेंडू पुन्हा पुन्हा सुटला. सामना नोत्र दामनं २४–११ असा जिंकला आणि ३० विजयांची ती मालिका तिथे संपली.

पण काम ठरलं म्हणजे काम झालं असं होत नाही. विचार करा, पिच सांभाळणारा पोरगा ४० वेळा आपली जागा धरून उभा आहे. त्या ४० वेळांत चेंडू त्याच्याकडे आलेलाच नाही. ४१व्या वेळी त्याचा पाय आत वळतो, मदत करावी म्हणून, चांगल्याच हेतूनं. त्याच क्षणी चेंडू बाहेर फेकला जातो आणि स्लॉटबॅक मोकळ्या कडेनं ६० यार्ड पळतो. ऑप्शन खेळणारा प्रशिक्षक या एका पावलाची सबंध दुपार वाट पाहत असतो.

म्हणून कित्येक प्रशिक्षक सरावात चेंडूच काढून टाकतात. समोरचा क्वार्टरबॅक, फुलबॅक, स्लॉटबॅक सगळे रिकाम्या हातांनी धावतात. पाहायला चेंडूच नसेल, तर बचावपटूला आपल्या माणसाकडे पाहण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

(दृश्य : क्वार्टरबॅक कडेला धावतोय. समोरचा बचावपटू पुढे येत नाही, आडवा सरकत राहतो.)

दुसरी गोष्ट वेळेची. कडेला मोकळ्या सोडलेल्या बचावपटूनं क्वार्टरबॅकवर झेप घेतली, की क्वार्टरबॅकचा निर्णय सोपा होतो. झेप न घेता तो आडवा सरकत राहिला, अर्धं पाऊल पुढे, अर्धं मागे, तर क्वार्टरबॅकला काहीच ठरवता येत नाही. कबड्डीत चढाईपटू पाय पुढे टाकून भुलवतो, तेव्हा घाईनं झेपावणारा कोपरारक्षक बाद होतो आणि साखळी धरून थांबणारा चढाईपटूचा श्वास संपवतो, तसंच हे. या एकेका सेकंदात आतून लाइनबॅकर आणि मागून सेफ्टी येऊन पोचतात.

तिसरी गोष्ट फसवणुकीची. ती आता बचावाच्या बाजूनं होते. एका खेळीत एंड, म्हणजे पुढच्या फळीतला कडेचा बचावपटू, आत घुसून फुलबॅकला पाडतो. क्वार्टरबॅक शिकवल्याप्रमाणे चेंडू काढून घेतो, तर समोर लाइनबॅकर हजर, कारण दोघांनी कामं बदललेली असतात. पुढच्या खेळीत पुन्हा जुनी वाटणी. बचाव पाहून निर्णय घेणाऱ्या क्वार्टरबॅकलाच चुकीचं वाचायला लावायचं. मात्र अदलाबदल फार झाली, तर गोंधळ आपल्याच गोटात होतो आणि फुलबॅककडे कुणाचंच लक्ष राहत नाही. मधली वाट मोकळी मिळालेला फुलबॅक हा या आक्रमणातला सगळ्यात मोठा धोका आहे. बाहेरची पिच डोळ्यांत भरते, पण संघ हरतो तो बहुतेक वेळा मधल्या चार-चार यार्डांनी. चार प्रयत्नांत १० यार्ड काढायचे असतात. प्रत्येक वेळी चार मिळाले, तर चेंडू कधीच परत मिळत नाही.

त्यात पायांवर येणारे कट ब्लॉक. अडवणारा छातीवर न येता कमरेखाली झडप घालतो. नवख्या बचावपटूची नजर एकदा स्वतःच्या गुडघ्यांकडे गेली, की तो पुढचा सगळा सामना खाली बघत खेळतो. यावरचा उपाय हातांचा आहे. झेपावणाऱ्याच्या खांद्यांवर तळवे दाबून त्याला जमिनीकडे ढकलायचं आणि आपले पाय मागे घ्यायचे. हे शिकायला दिवस लागतात, आणि दिवसच तर नसतात. सामना शनिवारी. हातात चार सराव. राखीव खेळाडूंची स्काउट टीम प्रतिस्पर्ध्याची नक्कल करते, पण जे आक्रमण समोरच्यांनी वर्षानुवर्षं घोटलंय, ते तिला चार दिवसांत त्या वेगानं जमणार कसं? सरावात जे तीन सेकंदांत घडतं, ते शनिवारी दोन सेकंदांत घडतं.

(दृश्य : रात्रीचं स्टेडियम. मायामी. ऑरेंज बाउल, ५ जानेवारी २०१०.)

दिवस मिळाले तर काय होतं, ते आयोवानं दाखवलं. त्या मोसमात प्रशिक्षक पॉल जॉन्सन यांचा ऑप्शन खेळणारा जॉर्जिया टेक धावून सामन्यामागे ३०० यार्डांच्या आसपास काढत होता. आयोवाला तयारीला महिनाभर मिळाला. त्यांचे बचाव प्रशिक्षक नॉर्म पार्कर साध्या मांडणीचे आग्रही होते. पुढे चार, मागे तीन लाइनबॅकर, हीच त्यांची वर्षानुवर्षांची रीत. प्रत्येकानं आपली जागा धरली. एड्रियन क्लेबॉर्न पुढच्या फळीत असा उभा राहिला की जॉर्जिया टेकच्या खेळी सुरू होण्याआधीच मोडू लागल्या. धावून आणि पास मिळून जॉर्जिया टेकला सबंध सामन्यात १५५ यार्ड मिळाले. आयोवा २४, जॉर्जिया टेक १४, आणि त्या १४ मधले सात तर त्यांच्या बचावानं आयोवाचा पास पकडून मिळवलेले. क्लेबॉर्न सामनावीर ठरला. मला हा सामना पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो, कारण त्यात चमत्कार असा काहीच नाही.

मायामी विद्यापीठाचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांनी वेगळी वाट धरली. १९७० साली ओक्लाहोमानं विशबोन स्वीकारलं, तेव्हा ते तिथेच बचावाचे सहायक प्रशिक्षक होते. हे आक्रमण त्यांनी रोजच्या सरावात समोरून पाहिलं होतं. त्यांना उमगलं की बाहेरची पिच वेगावर जगते, तेव्हा आपला वेग जास्त हवा. मायामीत त्यांनी सेफ्टीला लाइनबॅकर केलं आणि लाइनबॅकरला एंड. वजन गेलं, पाय मिळाले. १९८५ ते १९८७ या तीन मोसमांत ओक्लाहोमानं ३३ सामने जिंकले आणि तीन गमावले. ते तिन्ही मायामीविरुद्ध.

सगळ्यांकडे मायामीचे पाय नसतात, आणि असले तरी भागत नाही. २०१८च्या सप्टेंबरात ओक्लाहोमाकडे कायलर मरे होता, त्या वर्षीचा हाइसमन, म्हणजे सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा पुरस्कार, जिंकणारा. समोरच्या, ऑप्शन खेळणाऱ्या आर्मीनं ६० मिनिटांपैकी जवळजवळ ४५ मिनिटं चेंडू स्वतःकडे ठेवला. मरे कडेला उभा राहून पाहत होता. सामना ओव्हरटाइममध्ये गेला आणि ओक्लाहोमा कसाबसा २८–२१ असा सुटला. म्हणून ऑप्शन अडवण्याचं अर्धं काम आपल्या आक्रमणाचंही असतं. हाती चेंडू फार थोड्या वेळा येणार, तर आला की गुण घ्यायलाच हवेत. लवकर आघाडी मिळाली, तर समोरच्याला पास टाकणं भाग पडतं, आणि तो त्यांचा प्रांत नव्हे.

अर्थात, पासची गरज प्रत्येक वेळी पडतेच असंही नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये ऑप्शन खेळणाऱ्या जॉर्जिया सदर्ननं बलाढ्य फ्लोरिडाला त्यांच्याच मैदानावर २६–२० असं हरवलं, आणि त्या सामन्यात त्यांचा एकही पास पूर्ण झाला नाही.

(दृश्य : पंच ध्वज फेकतो. खेळाडू जमिनीवर.)

२०२२ पासून नियम बदलला. कमरेखालचे ब्लॉक आता मधल्या ठरावीक पट्ट्यातच चालतात. कडेच्या बचावपटूचे गुडघे सुटले आणि बाहेरचा ऑप्शन अवघड झाला. आर्मीनं तर २०२३ मध्ये मांडणीच बदलून पाहिली आणि वर्षभरात पुन्हा क्वार्टरबॅकला सेंटरच्या पाठीशी आणलं. २०२४ मध्ये तेच आर्मी आपल्या परिषदेचं, म्हणजे आपल्या गटातल्या संघांमधलं, विजेतं ठरलं. क्वार्टरबॅक ब्रायसन डेली मोसमभर मधूनच धडका देत राहिला.

त्या विजेतेपदानंतर आठवडाभरानं, १४ डिसेंबरला, आर्मी नेव्हीसमोर उभं राहिलं. नेव्हीच्या बचावाला या आक्रमणाची नवलाई नव्हती. वर्षानुवर्षं त्यांच्या सरावात समोर ऑप्शनच असे. डेलीचे तीन पास नेव्हीनं पकडले आणि आर्मीला १३ गुणांवर रोखलं. नेव्हीचे झाले ३१.